लांबनं बघितलंस काय?

मुरारीदादाच्या घरून वैनींचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एका साडीचा काठ अर्धवट उघडा होता. "सुनंदा, हे गेले गं..." एवढंच त्या बोलल्या. फोन ठेवून सवयीने मी फाईल सेव्ह केली. ती मुकाट्याने, काहीही न विचारता सेव्ह झाली. तेव्हा मला रडू आलं.

इचलकरंजीच्या मागांसाठी कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढायला मी मुरारीदादाच्या कोल्हापुरातल्या दुकानात शिकले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या परदेशी सॉफ्टवेअरला आमच्या काठांची काही अक्कल नव्हती. नक्षी एकापुढे एक जोडली की सांधा दिसायचाच. दादाने तो लपवणारा छोटा प्रोग्राम लिहिला, मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा, म्हणजे प्लगइन, आणि फुकट वाटला. कारखान्यांच्या सुट्टीदिवशी इचलकरंजीचे डिझायनर फ्लॉपी घेऊन यायचे, आपापली रड सांगायचे, आणि चहा होईतो दादा दुरुस्ती करून द्यायचा. कुणाची कोयरी अडायची, कुणाचं मोराचं शेपूट... सगळ्यांची भर त्यात पडत गेली.

पण त्यात दादाची एक खोडही होती. सेव्ह करताना पडद्यावर पाटी यायची, 'लांबनं बघितलंस काय?' खाली दोनच बटणं, व्हय आणि न्हाय. न्हाय दाबलं तर फाईल सेव्हच होत नसे. मी न उठता व्हय दाबलं की दादा ओरडायचा, "पडद्याला नाक लावून साडी कोण बघतंय गं? दुकानात बाई आधी लांबनंच बघती की! ऊठ, उंबऱ्यात जा!" वैताग यायचा. पण उंबऱ्यातून चूक दिसायची, हेही खरं.

पुढे त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने विचारलं, हे नव्या आवृत्तीत मुळातच घालू का? दादाने लगेच होकार दिला, गल्लीभर पेढे वाटले. "आणि पाटी?" मी विचारलं. "ती बी घेतील की! तिच्याबिगर काय अर्थ हाय त्याला?" म्हणाला. तशी अट घालावी, हे त्याच्या मनातही आलं नाही.

नवी आवृत्ती आली. सांधा आता झटक्यात लपत होता, दादाच्यापेक्षाही सफाईने. पाटी तेवढी नव्हती. आणि आता कुणाला दुकानात यायचं कारणही उरलं नाही. "बरं झालं की, लोकांची खेप वाचली," असं दादा म्हणायचा आणि दाराकडे बघत बसायचा. मी जायची, सणावाराला तर जायचीच. गेल्या गेल्या तो आशेने विचारायचा, "काय अडलंय काय?" आणि खरंच काही अडलेलं नसायचं. एखादी खोटी अडचण सांगितली असती तर... आता फार वाटतं.

तेराव्यानंतर वैनींनी दुकान उघडलं. जुना कॉम्प्युटर कुणाला द्यायचा तर चालतोय का बघ, म्हणाल्या. चालत होता. मी एक काठ जोडला, सेव्ह केला. पाटी आली. मी उठले, उंबऱ्यात गेले, लांबून बघितलं. काठ छान दिसत होता. शेजारची दादाची खुर्चीही दिसत होती.

परत येऊन बसले. वैनी म्हणाल्या, "दाब की गं."

मला व्हय दाबवेना.