उभं राहून केलेली सोनोग्राफी

माझं ओटीपोटाचं दुखणं शाळेच्या वेळेप्रमाणे चालायचं. सकाळी काही नसायचं. मधल्या सुट्टीनंतर खाली जडपणा यायचा आणि शेवटच्या तासाला फळ्यापुढे उभं राहवत नसे. घरी येऊन आडवी झाले की ओसरायचं. सोनोग्राफी दर वेळी चांगली यायची. शेवटी एका डॉक्टरांनी सुचवलं, "मुलं झालीत, पिशवी काढून टाकू."

थोरल्या जावेची पिशवी मागेच काढली होती. मी तिला विचारलं, "आक्का, काढल्यावर थांबलं का दुखायचं?"

मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "पाळी थांबली. दुखायचं कुठलं थांबतंय? पर आता कुणाला सांगू?"

मला नवल वाटलं. पिशवीच नाही, तर दुखतंय काय? ते कळेपर्यंत ऑपरेशन नको म्हणून मी कडेगावहून सांगली गाठली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी बराच वेळ नुसतं विचारलं. उभं राहिल्यावर वाढतं का? मांडीच्या आतल्या बाजूला शिरा फुगल्यात का? मग आवाज उतरवून, "नवऱ्याजवळ गेल्यावर नंतर दुखत राहतं का?" मी खाली बघून हो म्हटलं. हे मला कोणीच कधी विचारलं नव्हतं.

आडवं झोपवून सोनोग्राफी केली आणि त्या म्हणाल्या, "आता उभ्या राहा. जरा कुंथा." पडद्यावरचा निळा पट्टा एकदम लाल झाला.

"हे काय झालं?"

"रक्त उलटं फिरलं. पायातल्या शिरा फुगतात ना, तशा तुमच्या ओटीपोटातल्या फुगल्यात. वर जायचं रक्त खाली येऊन साचतंय. आडवं झाल्यावर ते निघून जातं, म्हणून झोपवून केलेल्या तपासणीत सहज निसटतं."

पुढे सीटी स्कॅन झाला आणि उपचार ठरला. फक्त मानेजवळची जागा बधिर केली होती. तिथून दुसऱ्या एका डॉक्टरांनी बारीक नळी शिरेत घातली. पडद्यावर ती माझ्याच पोटात उतरताना मी बघत होते. बिघडलेल्या शिरेत त्यांनी तारेची इवलीशी वेटोळी बसवून ती बंद केली.

मी पडल्या पडल्या विचारलं, "मग रक्त जाणार कुठून?"

नळी धरलेले डॉक्टर हसले. "चांगल्या शिरा आहेत की. त्यांतून जाईल."

काही दिवस पोटात कळा आल्या. मग हळूहळू शेवटचा तासही उभ्याने घेता येऊ लागला.

ते बघून आक्का एकदा स्वैपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "मला पण घिऊन जा की तिकडं."

मी तिला नेलं. ती उभी राहिली, कुंथली, आणि तिच्याही वेळी पडद्यावर तोच लाल रंग आला. बाईंनी समजावलं तसं तिने शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "आवं, मग माझी पिशवी कशापायी काढली?"

बाई म्हणाल्या, "तेव्हा त्यांना काय दिसलं, मला माहीत नाही. या शिरा तेव्हा कुणी बघितल्या नसाव्यात, एवढंच म्हणता येईल."

आक्काने उपचार करून घेतला. तिचं दुखणं पुरतं गेलं नाही. उसाला खत घालून आली की अजूनही कंबर धरते. पण दुपारी मध्येच निजायला लागत नाही. परवा बांधावर तिला शेजारच्या सुनेशी बोलताना ऐकलं. आक्का तिला विचारत होती, "आडवं झाल्यावर कमी हुतंय का गं?"