कुत्रीची बंडी

रानडुक्कर कुत्र्याला चावत नाही, फाडतं. तोंड खाली घालतं, सुळा पुढं करतं आणि मान वर झटकतं. तेवढ्यात कुत्र्याचं छातीपासनं पोटापर्यंतचं कातडं उघडं पडतं. ज्यानं हे बघितलं नाही त्याला शिकार म्हणजे गंमत वाटते. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मग मेंढरांमागं लागलो, त्यामुळं लिहिताना अडखळतो. पण हे लिहायचं आहे, कारण यात चूक माझी आहे.

आमचं गाव फलटणच्या पूर्वेला. पूर्वी सगळं कोरडं. बाजरी, मटकी आणि मेंढरं. डुकरं तवा डोंगराच्या झाडीत असायची आणि थंडीचं आम्ही कुत्री घेऊन त्यांच्या मागं जायचो. मारली नाहीत असं खोटं मी बोलणार नाही. मारली आणि खाल्ली. शिकारीचे वाटे पडायचे ते माणसाला एक, कुत्र्याला एक. दोन्ही सारखे. कुत्रं जखमी झालं तर त्याला दीड. माझी बायको ते मटण खायची नाही, चुलीजवळ आणू द्यायची नाही. पण कुत्र्याचा वाटा तीच शिजवायची. अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या मडक्यात, नाकाला पदर लावून. म्हणायची, "त्यानं जीव घातलाय. त्याला गरम नगं व्हय?"

"आन मला?"

"तुमी काय केलं? काठी धरून वराडला."

मला गार भाकरी.

पुढं कालवा आला, ऊस आला आणि उसामागं डुकरं खाली आली. पाणी, सावली, खायला गोड. डोंगरात कशाला राहतील? आता मारायला बंदी आहे. म्हणून आम्ही हुसकवतो. थंडीत ऊसतोड लागली की फड चारी अंगानं कमी होत जातो, आणि आतली डुकरं मधल्या उसात गोळा होतात. शेवटच्या दहा-पंधरा सऱ्या राहिल्या की तोडणारी टोळी कोयते थांबवते. आत काय आहे ते त्यांना आवाजावरनं कळतं. मग निरोप येतो, कुत्री घेऊन या. एक बाजू मोकळी सोडायची, बाकीच्या बाजूंनी कुत्री आणि माणसं लावायची, डबे वाजवायचे. डुकरं मोकळ्या बाजूनं ओढ्याकडं निघून जातात. जायची असली तर.

आमची कुत्री या कामात लय हुशार. तिला बायकोनं वाढवली. तिची आई रस्त्यावर गाडीखाली गेली आणि हे एवढंसं पिल्लू आमच्या वाड्यात, म्हणजे मेंढरं कोंडतो तिथं, कोकरांत येऊन झोपलं होतं. बायकोनं शेळीच्या दुधात बोळा भिजवून पाजलं. अंग काळं कुळकुळीत आणि तोंड तेवढं पांढरं, म्हणून जन्मापासनं तिला 'म्हातारे' अशीच हाक. मी अंगणातनं "म्हातारे!" म्हणून ओरडलो की दोघी बघायच्या.

"कुनाला बोलावताय?"

"जी आधी यील तिला."

कुत्रीच आधी यायची. बायको आली तर भांडायला यायची.

पहिल्याच थंडीत कुत्रीच्या खांद्याला सुळा लागला. थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं माझं जुनं घोंगडं काढलं, विचारलं पण नाही, आणि कात्री लावली. घोंगड्याच्या दोन घड्या, आतनं स्वतःच्या जुन्या लुगड्याचं अस्तर, पुढच्या पायांना दोन भोकं आणि पाठीवर बांधायला नाड्या. सगळं दाभणानं आणि सुतळीनं शिवलेलं. कुत्रीची बंडी. छाती आणि पोट झाकलं जाईल अशी. सुळा लागला तरी आधी घोंगडं फाटंल, कातडं मागनं.

मी हसलो. "बाळंतविडा शिवतीस व्हय गं कुत्रीचा?"

"तुमी फाटला तर दवाखान्यात न्यायला मी हाय. हिला कोन हाय?"

गावानंही हसून घेतलं. पण पुढच्या सालाला आणखी दोन घरांतली कुत्री बंड्या घालून आली.

बंडी बांधायची पण तिची रीत होती. मी एकदा गाठ पोटाखाली मारली तर हातावर फटका बसला. "गाठ पाठीवर! खाली असली तर सुळा तिथंच अडकंल, मग वडत न्हील तो तिला." बंडी घातली की कुत्री मान वळवून नाडी चावायची. बायको तिला दटावायची, "नाडी चावू नगंस गं. शिवनारी एकच हाय."

बायको गेल्या श्रावणात गेली. आठवडाभर दवाखान्यात होती. तिथं न्यायच्या आदल्या दिवशी तिनं उन्हात बसून बंडीची एक नाडी बदलली होती. तिच्या हातचं शेवटचं काम तेच. दिवस-कार्य झाल्यावर मी खुंटीवरची बंडी खाली घेतली. धुराचा वास, कुत्रीचा वास आणि मध्ये कुठंतरी तिच्या मिसरीचा वास. तिचं एक धुतलेलं सुती लुगडं होतं, त्यात गुंडाळून मी ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. सुनेनं बघितलं.

यंदा पौषात माझ्या मेव्हण्याचा निरोप आला. बायकोचा धाकटा भाऊ, शेजारच्याच गावात असतो. त्याचा ऊस तोडत होते आणि शेवटच्या सऱ्यांत डुकरं अडकली होती. सकाळी मी कुत्रीला साखळी लावली. सून भाकरी थापत होती, तिनं मान वर केली.

"मामा, बंडी?"

"नगं. नुसतं हुसकवायचं तर हाय."

"आत्या घातल्याबिगर सोडत न्हवत्या."

"तुझी आत्या न्हाई आता," मी म्हणालो. वाईट बोललो. ती परत तव्याकडं वळली.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. बंडी फाटेल असं मला वाटत होतं. एवढंच. सुळा बसला तर तिचे टाके उसवतील आणि परत तसे घालणारं कुणी नाही.

फडावर धुकं होतं, पाचट दवानं ओलं. सहा-सात कुत्री होती. मेव्हणा कानटोपी घालून बांधावर उभा होता. त्यानं कुत्रीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दाजी, उघडीच आनली व्हय?"

"तू डबा वाजव."

डबे वाजले. आधी एक मादी आणि चार-पाच पिल्लं मोकळ्या बाजूनं ओढ्याकडं पळाली. आम्ही म्हटलं, संपलं. पण आमची कुत्री उसाच्या कडेला उभी राहून भुंकतच होती. ती कधी उगाच भुंकायची नाही. आणि तिथनं नर निघाला. एकटा, वासराएवढा, मानेचे केस उभे. मोकळी बाजू सोडून तो सरळ बांधाकडं आला, जिथं टोळीतल्या बायका मोळ्या बांधत होत्या. आमची कुत्री त्याच्या आडवी गेली. ती चावायची नाही, तोंडापुढं नाचून नाचून थांबवायची. दोनदा थांबवलं. बायका ट्रॅक्टरवर चढल्या. तिसऱ्यांदा पाचटात तिचा पाय घसरला.

आवाज झाला नाही. चादर फाटल्यासारखं कायतरी, बस्स. नर कालव्याच्या अंगाला निघून गेला. कुत्री उठली, चालत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या पायावर बसली. पायाला गरम लागलं.

मेव्हणा पळत आला. कुशीवर बगलेपासनं खाली वीतभर उघडं पडलं होतं. त्यानं कानटोपी काढून तिथं दाबली.

"दाजी, बंडी कुठाय?"

"घरी."

"फाटली व्हय?"

"न्हाई. फाटू नये म्हनून ठिवली."

बहीण त्याची. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पण बोलला ते असं, "आक्का असती तर तुमालाच टाकं घातलं असतं."

त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, कुत्रीला मांडीवर घेऊन घरी आलो. सुनेनं डॉक्टरला फोन लावला. तो कुणाच्या तरी गाईपाशी लोणंदकडं होता. म्हणाला, यायला दोन तास लागतील, तोवर रक्त थांबवा. स्वच्छ सुती फडकं दाबून घट्ट बांधा, टेरीकॉट नको, ते रक्त पीत नाही.

घरात सुती काय होतं? सुनेच्या साड्या सगळ्या गुळगुळीत. माझं धोतर अंगावरच, आणि ते रक्तानं आणि चिखलानं भरलेलं. सून माझ्याकडं बघत होती. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मीच पेटी उघडली.

लुगडं काढलं आणि दात लावून फाडलं. तीस-चाळीस वर्षं संसार केला, बायकोवर हात उचलला नाही, आणि त्या दिवशी तिचं लुगडं फाडत होतो. काठापाशी अडलं तवा सुनेनं दुसरं टोक धरलं. "वडा मामा," ती म्हणाली. "तुमी तिकडनं वडा." घडी करून जखमेवर ठेवली. पण कुशीवर पट्टी राहीना, कुत्री श्वास घेई तशी ती सरकत होती. मग मी बंडी घेतली. पुढचे पाय भोकांतनं काढले आणि नाड्या आवळल्या. गाठ पाठीवर. कुत्री कण्हली नाही. नाक बंडीत खुपसून वास घेत राहिली. दोन तास मी तिथंच हात दाबून बसलो आणि एकच म्हणत होतो, म्हातारे, तू जाऊ नको. कुणाला म्हणत होतो ते मला विचारू नका.

डॉक्टर आला तवा ऊन डोक्यावर आलं होतं. तरणा पोरगा. त्यानं आल्याआल्या कात्रीनं बंडीच्या नाड्या कापल्या. सोडायला वेळ नव्हता. मी बघत होतो, तिनं शेवटी बदललेली नाडीसुद्धा कापली. टाके घालता घालता त्यानं विचारलं, "हे जॅकेट आधीच का नाही घातलं आजोबा?" सून म्हणाली, "धुवायला टाकलं होतं." तिनं माझी लाज राखली. तिच्या आत्यानं नसती राखली.

तीन दिवस कुत्रीनं काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी मी अंगणात तीन दगड मांडले, कोंबडी आणली आणि वेगळ्या मडक्यात शिजवली. मीठ घालायचं नसतं एवढं आठवत होतं. दीड वाटा. तिनं मडक्यात तोंड घातलं तवा मी तिथंच मातीत बसलो.

बंडी धुवावी लागली. रक्त वाळून घोंगडं पत्र्यासारखं झालं होतं. धुतल्यावर सगळे वास गेले. तिचाही गेला. मग मी दाभण शोधून काढलं. सुईत दोरा ओवणं आता माझ्या डोळ्यांना जमत नाही, पण दाभणाचं नाक मोठं असतं. सुतळी घेतली आणि नव्या नाड्या लावायला बसलो. सून येता-जाता बघत होती.

"मामा, ह्यो टाका हाय का बैलाचं पाऊल?"

"तू तुझं काम कर."

"एक इकडं, एक तिकडं. आत्या बघत असत्याल वरनं."

"बघू दे. तिला म्हनावं खाली ये आन दाखव कसा घालायचा."

सून हसली आणि मग पदरानं डोळे पुसत आत गेली.

आता टाके सुकलेत. फडावर मी कुत्रीला परत नेणार नाही, वय झालं दोघांचं. पण थंडी अजून आहे आणि ती उंबऱ्याबाहेरच झोपते, आत येत नाही. म्हणून संध्याकाळी मी तिला बंडी घालतो. गाठ पाठीवर मारतो. काल बांधून वळलो न वळलो तोच तिनं मान मागं वळवली आणि नाडी तोंडात धरली.

"नाडी चावू नगंस," मी म्हणालो. "शिवनारा आता मी हाय. मला लय वेळ लागतोय."