दिवसाच्या लाईटीचा आठवडा

मॅडम बारा वाजता येणार होत्या आणि साडेनऊला माझ्या यंत्राच्या बोर्डावरचा लाल दिवा लागला, तो विझेचना. कोल्हारच्या आमच्या मळ्यात मी पत्र्याचा मोठा कर्णा आकाशाकडे रोखून ठेवला होता. आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या क्षीण रेडिओलहरी त्यातून यायच्या, आणि दोन वर्षं खपून बनवलेला माझा स्पेक्ट्रोमीटर त्यांचा आलेख काढायचा. हायड्रोजनचा उंचवटा आज दिसला नाही तर विषय बदला, असं मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, बजावलं होतं.

लाल दिवा म्हणजे सिग्नल मापाबाहेर. माझं यंत्र मोजणार फार तर एकशे सत्तावीसपर्यंत. त्यापुढचं सगळं एकशे सत्तावीसच. मी गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, कमी केला. दिवा विझला, पण हायड्रोजनही गेला, पार शून्यात जमा. वाढवला की पुन्हा लाल. केबल बदलली, अ‍ॅम्प्लिफायर बदलला. आई चहा घेऊन आली तर तिच्यावरच खेकसले.

अकराला विहिरीवरची मोटर मिनिटभर बंद पडली आणि दिवा विझला. मोटर सुरू झाली, दिवा लागला. चुलत्यांच्या जुन्या स्टार्टरच्या ठिणग्यांचा रेडिओगोंगाट! शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. मी माप बसवलं होतं रात्रीच्या लाईटीच्या आठवड्यात, भर दिवसा, सगळं चिडीचूप असताना. शेतकऱ्याची पोर मी, अन् लाईटीची पाळी विसरले! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

चुलते कांद्याला पाणी भरत होते. मॅडम जाईपर्यंत मोटर बंद ठेवा म्हणून त्यांना हात जोडले. त्यांनी जाऊन स्टार्टर बंद केला.

मॅडम आल्या. उंचवटा स्वच्छ दिसला. त्या हसल्या, शाबासकीही दिली, आणि मला राहवेना. मोटरीचं सगळं सांगून टाकलं.

"मग लावा मोटर," त्या म्हणाल्या.

मोटर लागली. दिवा लाल, आलेखातून उंचवटा गायब. विषय गेला, दोन वर्षं पाण्यात गेली, असंच मी धरून चालले.

"पुढच्या दिवसाच्या लाईटीला येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मोटर चालू पाहिजे, आणि उंचवटाही दिसला पाहिजे."

त्यांची गाडी गेल्यावर चुलते बांधावरून आले. मॅडम काय म्हणाल्या ते मी सांगितलं.

"मंग आज माजी मोटर कशापायी बंद ठिवली गं? चार वाफं कोरडं ऱ्हायलं."

मी लॅपटॉप मिटला आणि लाईट जायच्या आत त्यांच्याबरोबर पाणी भरायला गेले.