तंबू शिवणाऱ्या बायांची जागा

माझी बायको लष्कराच्या डेपोत तंबू शिवायची. आधी तिथं बायांनी खोली भरलेली असायची. मग एकेक रिटायर होत गेली, नवी कुणी घेतली न्हाई. रिकाम्या पडलेल्या मशिनींनाबी ही रोज तेल द्यायची. मी चिडायचो, "कुणासाठी गं?" ती म्हणायची, "उद्या पोरी येतील, त्यांना गंजलेल्या मशिनी द्यायच्या व्हय?"

कुणी आलं न्हाई. गेल्या वर्षी काविळीनं तीच गेली, नोकरीत असतानाच. आता घरात चिडायचं तरी कुणावर?

मुलाची कंपनी बंद पडलीय. सुनेला शिवण येतं, म्हणून तिला घेऊन डेपोत गेलो. क्लार्क म्हणाला, "आबा, मावशींबरोबर ती जागाही गेली. भरती बंद आहे."

"मग फौज काय उघड्यावर झोपणार?"

"तंबू ठेकेदार शिवून देतो."

"मग लढायलाबी ठेकेदाराचीच माणसं धाडा."

तो हसला. मी हसण्यासारखं काय बोललो न्हवतो. सून बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून ती मळवलीच्या एका बंगल्यावर भांडी घासायला जाते. जाऊ नको म्हणायला माझ्याकडं तिला द्यायला दुसरं काम कुटंय?