उलटा दांडा

मीटरताई कोणाच्याही घरात शिरली की तिची नजर आधी जिन्याखाली जायची. विजेचे मीटर लोक तिथेच दडवतात ना! चपला, मोडक्या छत्र्या, रद्दीचे गठ्ठे, आणि या सगळ्यामागे बिचारा मीटर. वाकायचं, विजेरी मारायची, आकडा टिपायचा, "अहो, ही सायकल काय माझ्या स्वागताला ठेवलीय का?" म्हणून घरमालकाला दटावायचं, की पुढचं दार. अर्धं आयुष्य असंच वाकण्यात गेलं. शहरातली सगळी जिन्याखालची कोळिष्टकं तिला ओळखत असतील. जीभ मात्र तिने कधी वाकवली नाही. साहेबाने एक म्हटलं की ही दोन परत करायची.

"आजोळावर गेलीय," आई म्हणायची. "आमचं घराणंच उलट्यांचं."

आणि ते खरंच होतं. आईच्या माहेरच्या माणसांना सगळी गल्ली 'उलटे' म्हणायची. उलट उत्तर द्यायची खोड, म्हणून पडलं असेल नाव, असं सगळे धरून चालले होते. कोणी खोलात गेलं नाही.

आईची एक ठेवणीतली गोष्ट होती. तिचे वडील सुतार. त्यांच्या चर्चला आत वरच्या अंगाला एक सज्जा होता आणि त्याचा लाकडी कठडा वडिलांनी केलेला. कातीव दांडे, खाली पोट सुटलेलं, वर मान बारीक. आई तेव्हा एवढीशी. फादरचा उपदेश लांबला, हिला कंटाळा आला, आणि खाली काय चाललंय ते बघायला हिने दोन दांड्यांच्या मधून डोकं घातलं. गेलं, पण परत येईना! हिने असं भोकाड पसरलं की फादरनी पुस्तक मिटलं. शेवटी वडिलांनी खिशातला चाकू काढून शेजारच्या दांड्याचं पोट तासलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

"दुसरीकडे कुठे गेलंच नसतं डोकं," आई दर वेळी सांगायची. "खाली सगळी पोटाला पोटं लागलेली. तिथे तेवढा एक दांडा उलटा बसला होता, मान खाली, पोट वर. म्हणून तर फट राहिली!"

गोष्ट झकास. फक्त ते चर्च कोणी पाहिलेलं नव्हतं. आई जी जागा दाखवायची तिथे टायरचं दुकान होतं. त्याआधी म्हणे बर्फाचा कारखाना होता. चर्चचं नाव कोणाच्या तोंडात नाही. मुलं लहान होती तोवर हसली, मोठी झाली तशी नुसती मान डोलवायला लागली.

आणि एक दिवस आई एकटीच जाऊन त्या टायरच्या दुकानात उभी राहिली. "वेदी कुठे होती हो? या बाजूला की त्या?" दुकानदार भला माणूस, त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिच्याकडून नंबर घेऊन दादाला फोन लावला.

दादा म्हणजे मीटरताईचा थोरला भाऊ. दुसऱ्या शहरात त्याचं चष्म्याचं दुकान. माणूस वाईट नाही, पण घाबरट. आधीच महिन्यात दोनदा आईने गॅसवर दूध करपवलेलं, त्यात हे.

"संपलं," तो फोनवर म्हणाला. "आईचं डोकं अजून तिथेच अडकलंय. तू दिवसभर बाहेर, तिच्याकडे बघणार कोण? माझ्या घराजवळ वृद्धाश्रम आहे, चांगला आहे, फाटकाला कुलूप असतं. शनिवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

"कुलूप? आई काय सायकल आहे?"

"उलट बोलू नकोस!"

"दूध मीही करपवते. मलाही ने मग! प्रश्न चर्चचा आहे ना? चर्च खरंच होतं असं दाखवलं तर?"

पलीकडे दादा नाक ओढत होता. रडत होता बिचारा. "दाखव," तो म्हणाला. "दाखव, मी स्वतःच्या हाताने सामान सोडतो."

झालं, पैज लागली. पण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर मीटरताईच्या मनातही पाल चुकचुकली. आईने सगळं रचलं असलं तर? टायरवाल्यासमोर उभी राहिलेली ती म्हातारी खरंच हरवत चालली असली तर? आईला तिने काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती हात धुऊन चर्चच्या मागे लागली. प्रत्येक दाराशी आकडा टिपायचा आणि विचारायचं, "इथे पूर्वी चर्च होतं, माहीत आहे?" लोक म्हणत, आम्ही नंतर आलो. कोणी म्हणे, बिल का वाढलं ते सांगा आधी. गुरुवारी जुन्या लाकडाच्या वखारीत मीटर बघायला गेली. तिथला म्हातारा व्यापारी टेबलावर पाय टाकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"चर्च? होतं की!" तो म्हणाला.

मीटरताईच्या हातातली विजेरी पडली.

"रस्ता रुंद करायचा होता, पाडलं. उरलेल्या जागेत बर्फाचा कारखाना आला. तिथली मंडळी कधीच पांगली होती. लाकूड आम्हीच उचललं. बाकं शाळेला गेली, दारं कोणीतरी नेली. कठडा मात्र अख्खा गेला."

"कुठे? काका, कुठे गेला?"

"कोणाच्या तरी माडीवर. बाजारपेठेतच कुठेतरी. आता एवढं कोण लक्षात ठेवतं?" त्याने शेंग पुढे केली. "घे."

शेंग कसली खातेय! तिला आभाळ ठेंगणं झालं. चर्च होतं! आई खरं बोलत होती! पण वखारवाल्याच्या शब्दावर दादा सामान सोडायचा नाही. म्हणेल, म्हाताऱ्यालाही भ्रम झालाय. कठडाच दाखवायला हवा होता, आणि हाताशी होता फक्त शुक्रवार.

शुक्रवारी मीटरताईने जन्मात पहिल्यांदा मान वर करून काम केलं. माड्या, सज्जे, कठडे! आकडे कुठे टिपतेय, काय टिपतेय, शुद्ध नव्हती. एका शिंप्याच्या नावावर तिने अख्ख्या गिरणीची वीज टाकली. साहेबाचा फोन आला, "मॅडम, हा शिंपी कपडे शिवतो की विमानं?" 

"उद्या दुरुस्त करते, आज मला सतावू नका," म्हणून तिने फोनच बंद केला. संध्याकाळपर्यंत बाजारपेठ संपत आली. लोखंडी कठडे मिळाले, सिमेंटचे मिळाले, एक लाकडी मिळाला तो कालपरवाचा. पाय भरून आले. उरलं होतं एक केशकर्तनालय, तिथे ती गेली कैक वर्षं दर महिन्याला जात होती. तिथे काय बघायचं? आत वर एक सज्जा होता खरा, पण त्यावर कायम टॉवेल वाळत घातलेले. पांढरे, निळे, एकाला एक लागून. टॉवेलांखाली काय आहे हे तिने कधी...

ती दारातच थबकली. मग ओरडली, "अहो, टॉवेल काढा!"

न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून होता. "ताई, मीटर खाली आहे!"

"मीटर गेला खड्ड्यात!"

ती जिना चढलीसुद्धा. टॉवेल भराभर ओढून तिने खांद्यावर टाकले. खाली हिरव्या रंगाचा कठडा. कातीव दांडे, खाली पोट, वर मान. पोट, पोट, पोट... आणि कोपऱ्याजवळ एक मान खाली! पोट वर! ती फतकल मारून बसली. शेजारच्या दांड्यावरून बोट फिरवलं. रंगाचे थर चढले होते, पण पोटाला एका अंगाने चपटा घाव होता. चाकूने तासलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती हसली आणि हसता हसता टॉवेलात तोंड घालून रडली. खाली अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक मान वर करून बघत राहिलं.

शनिवारी दादा गाडी घेऊन आला. सामान बांधलेलं होतं, मीटरताईने मुद्दामच बांधून ठेवलं होतं. "आईला जाता जाता बाजारात एक काम आहे," एवढंच ती म्हणाली.

आई जिना चढली ती एका हाताने मुलीला धरून. सज्ज्यात पाऊल टाकलं आणि तिने मुलीचा हात सोडला. कोणी काही दाखवलं नाही. ती सरळ कोपऱ्याकडे गेली, हळूहळू खाली बसली आणि उलट्या दांड्याशेजारच्या फटीत हात घातला. थेट कोपरापर्यंत.

"इथे," ती म्हणाली. "बाबा घामाघूम झाले होते."

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तोही गुडघ्यावर बसला आणि त्या तासलेल्या पोटावर अंगठा दाबून तसाच राहिला.

"आजोबांनी हा चुकून उलटा बसवला?" मीटरताईने विचारलं.

"चुकून? हे त्यांच्यासमोर बोलून दाखवायचं होतं!" आई हसायला लागली. "फादर म्हणाले, एक उलटा लागलाय. सगळी मंडळी म्हणाली, उलटा लागलाय. पण बाबा काही मागे हटेनात. म्हणाले, हाच एक सुलट आहे, बाकीचे सगळे उलटे लागलेत. तेव्हापासून तर लोक आम्हाला उलटे म्हणायला लागले."

मीटरताईने तोंडात बोट घातलं. खाली न्हावीसुद्धा हसत होता. दादा मात्र हसला नाही. त्याची मान खालीच होती.

आईने फटीतून हात काढला आणि त्याच्या केसांतून फिरवला.

"आता सांग रे," ती म्हणाली, "कोणाचं डोकं अडकलंय?"

दादा तसाच उठला, जिना उतरला आणि गाडीतून आईचं गाठोडं काढून गाठ सोडायला लागला, तिथेच, भर रस्त्यात.