शनिवारची खोली

मी नगरसेविका झाले आणि महिला व बालकल्याण समितीवर गेले तेव्हा शिलाई मशीनचं वाटप, अंगणवाड्यांची पाहणी, एवढंच काम डोक्यात होतं. पहिल्याच बैठकीत विषयपत्रिकेच्या तळाशी एक विषय आला. गुन्ह्यात सापडलेल्या ज्या मुलांना बाल न्याय मंडळ समुपदेशनाला पाठवतं, त्यांच्यासाठी पालिकेनं आचोळ्याच्या समाजमंदिरात खोली दिली होती. त्या केंद्राचा आढावा आमच्या समितीनं घ्यायचा होता. अधिकारी म्हणाले, "केंद्र सुरळीत सुरू आहे." सभापती म्हणाल्या, "पुढचा विषय घ्या."

आढावा संपला होता. घरी आले तरी ते 'सुरळीत' काही डोक्यातून जाईना. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलंय. न विचारता 'सगळं ठीक आहे' म्हणणारा वर्ग मला कधीच ठीक सापडलेला नाही. शनिवारी, समुपदेशनाच्या वेळेला, मी समाजमंदिरात जाऊन उभी राहिले.

खोलीला कुलूप होतं. खिडकीतून आत डासांसाठी धूर मारायची यंत्रं दिसत होती, जुन्या शिबिरांचे बॅनर, मोडक्या खुर्च्या. बाहेर पायऱ्यांवर एक तरुण समुपदेशक बाई बसल्या होत्या. शेजारी शाळकरी वयाची एक मुलगी, आणि थोडं लांब, पाठ करून, तिचे वडील.

"इथेच बसता?" मी विचारलं.

"मग कुठे बसू, मॅडम?" बाई म्हणाल्या. "चावी मलेरिया विभागाकडे. ते म्हणतात साहेबांना विचारा, साहेब म्हणतात हा विषय राज्य सरकारचा."

समोर भाजीवाल्या बसतात. पिशव्या घेऊन जाणारी माणसं पायऱ्यांकडे बघत होती. मुलीनं काय केलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. ते सांगायचं नसतं, आणि मी विचारलंही नाही. पण मनाला कोण आवरणार? मोबाइल चोरला असेल? कुणाला मारलं असेल? माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्या हातांकडे जात होती आणि मी स्वतःवरच चिडत होते.

पुढचे दिवस मी नुसती फिरत होते. मलेरिया विभाग, प्रभाग कार्यालय, मुख्यालय. सगळीकडे चहा मिळाला. "बघतो मॅडम." "माहिती घेऊन कळवतो." मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे कुणी विचारायला येतं याचीच या लोकांना सवय राहिली नव्हती. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अगं, जेव तरी बसून." मी ताट घेऊन उभीच होते.

पुढच्या शनिवारी मी पायऱ्यांवर गेले ती उपाय घेऊनच. "माझ्या संपर्क कार्यालयात बसा. पंखा आहे, दार लावता येतं."

वडील पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "नको, मॅडम. तिथे तुमचा बोर्ड आहे. आमच्या बिल्डिंगमधले लोक पाण्याची तक्रार घेऊन तुमच्याकडेच येतात. कुणी विचारलं, पोरगी इथे कशाला, तर काय सांगू?"

समुपदेशक बाई फोनमध्ये बघत राहिल्या. मग मुलगीच बोलली, कुणाकडे न बघता. "दवाखान्यात बसू ना. दवाखान्यात कोण विचारतं, का आलात म्हणून? सगळे आजारीच असतात."

मी तशीच उठले आणि रिक्षा करून पालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरबाई मास्क काढत म्हणाल्या, "लसीकरणाची खोली दुपारी रिकामीच असते. पण मला तोंडी चालणार नाही, वरून आदेश आणा." तो आदेश आणायला दोन शनिवार गेले. तोपर्यंत ती तिघं पायऱ्यांवरच बसली. आदेश हातात पडल्यावर मी बैठकीत सांगितलं, "केंद्र सुरळीत नव्हतं. मी जाऊन बघितलं. यापुढे समितीतलं कुणीतरी दर महिन्याला तिथे जाईल, असा ठराव मांडते." सभापतींना ते आवडलं नाही, पण ठरावाला विरोध करायलाही कुणी हात वर केला नाही.

लसीकरणाच्या खोलीत मी आत कधी गेले नाही. दार बंद आहे आणि आतून बोलण्याचा आवाज येतोय, एवढं बघायचे आणि परतायचे. एकदा आतून रडणं ऐकू आलं. एकदा बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेनं मला जास्त छळलं.

मग एके दिवशी वडिलांचा फोन आला. "झालं, मॅडम. मंडळानं केस बंद केली." मी अभिनंदन म्हणणार होते, तो शब्द बरा वाटला नाही. "बरं झालं," म्हटलं. मग तेच म्हणाले, "एक सांगू? राग मानू नका. रस्त्यात भेटलात तर ओळख दाखवू नका."

"नाही दाखवणार," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात आगाशीच्या बाजारात ती दिसली, मैत्रिणींबरोबर, हातात केळ्यांची फणी. आमची नजरानजर झाली. मी चटकन वळून वांग्यांचा भाव विचारला. भाजीवालीनं सांगितला, मी ऐकलाच नाही, पुन्हा विचारला. मागे मुली कशावरून तरी हसत होत्या, त्यात तिचा आवाज कोणता ते मला कळेना. वळून बघावंसं फार वाटलं. वांगी घेतली आणि सरळ बसस्टॉपवर आले.