सुलभाताईंचा अर्ज

सात वर्षं एका पलंगावर झोपतोय, तरी माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुला सांगतेय, कारण — जाऊ दे, कारण काही नाही.

डोंबिवलीचं घर आम्ही लिलावात घेतलं, हे सगळ्यांना माहीत आहे. बँकेनं जप्त केलेला फ्लॅट. माजिवड्याला दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलून जीव मेटाकुटीला आलेला. पहिलंच घर, म्हणून माझी काय ती हुशारी — टॉर्च, टेप, भिंत ठोकून बघायला नाणं! नवऱ्याला रजा नव्हती. मी एकटीच बँकेच्या माणसाबरोबर बघायला गेले. जिन्यात तो म्हणाला, "मॅडम, घेणाऱ्या आहात असं बोलू नका. फॅमिली अजून आत राहते, उगाच भांडण होईल. बँकेकडून आलोय म्हणायचं." मी लगेच हो म्हणाले. किती लगेच गं!

सुलभाताईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या असतील. नवऱ्याचा वागळे इस्टेटमधला छोटासा कारखाना बुडाला, त्यात घर गेलं. नवरा आत पलंगावर, अर्धं अंग लुळं. मला वाटलेलं, शिव्या घालतील. त्यांनी पाणी दिलं. मग आपणहून घर दाखवायला लागल्या — बाथरूममागची भिंत पावसाळ्यात ओल धरते, किचनचा नळ उलटा फिरतो. "लिहून घ्या मॅडम, नवीन माणसांना त्रास नको." आणि मी लिहून घेत होते, बरं का. मनात पडदेसुद्धा लावत होते.

बँकेचा माणूस फोनवर बोलत बाहेर गेला, तशा त्या देव्हाऱ्याजवळून एक पाकीट घेऊन आल्या. अर्ज होता. दोन महिन्यांची मुदत. मुलीचं लग्न ठरलेलं, तिची पाठवणी याच दारातून करायची होती त्यांना, बस. "साहेब हातात घेत नाहीत हो. तुम्ही बाई आहात, तुम्ही वर पोचवा."

काय अवघड होतं? ताई, मी बँकेची नाही — एवढंच ना? मी म्हणाले, "बघते."

आणि मग त्यांनी — थांब जरा — त्यांनी मला पाटावर बसवलं. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली, तशीच कशी जाऊ देणार? हळदकुंकू लावलं. तांदूळ, नारळ, खणाचा तुकडा. मी ओढणी पसरली आणि ओटी भरून घेतली. त्यांचंच घर घ्यायला आलेले मी!

अर्ज मी दिला नाही. विसरले नाही — दिलाच नाही. त्या माणसाच्या गाडीतून शीळफाट्यापर्यंत आले, शेजारीच होता तो. नुसता हात पुढे करायचा होता. पण डोक्यात एकच: दोन महिने गेले तर घर हातचं जाईल. घरी येऊन त्या नारळाच्या वड्या केल्या. छान झालेल्या. पाकीट आजही कपाटात आहे, घराच्या कागदांखाली.

ताबा घ्यायच्या दिवशी डोकं दुखतंय सांगून मी खाली रिक्षात बसून राहिले. त्यांचा टेम्पो शेजारून गेला, तेव्हा ओढणीनं तोंड झाकलं. लग्न पुढं कुणा नातेवाइकाच्या घरून झालं, असं नंतर शेजारणीकडून कळलं. मी चेहरा असा केला, जणू मला नवीनच.

ताब्याच्या त्या दिवशी नवरा किल्ली घेऊन खाली आला. म्हणाला, "अगं, त्या बाई निरोप देत होत्या. बँकेत कुणी मॅडम आहेत म्हणे, भेटल्या तर सांगा — काम झालं नाही, पण तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, तेवढंही कुणी करत नाही. कोण गं या मॅडम?"

"मला काय माहीत," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातून किल्ली घेतली.